दामोदरची गोष्ट सांगताना जॉर्ज नॉरिस यांचं नाव गाळू नका

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत झारखंड-बंगालमधल्या दामोदर नदीच्या खोऱ्यावरचा लेख वाचला. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचं आणि विजेचं केवढं काम केलं, हे त्यात नीट मांडलं आहे. ते छापल्याबद्दल आपले आभार मानतो, कारण आमच्या तालुक्यात बाबासाहेबांची ही बाजू अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याच लेखात पुढे असंही म्हटलं आहे की, दामोदर महामंडळ हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी उभारलेल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या धर्तीवर झालं. रूझवेल्ट यांनी १८ मे १९३३ रोजी त्या कायद्यावर सही केली, हे खरं. पण ज्या माणसाने त्याआधी बारा वर्षं तो विषय एकट्याच्या जोरावर जिवंत ठेवला, त्याचं नाव लेखात कुठेच नाही. जॉर्ज विल्यम नॉरिस. नेब्रास्का राज्यातून १९०३ ते १९१३ अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात आणि १९१३ ते १९४३ सिनेटमध्ये. चाळीस वर्षांत एकदाही मंत्री नाहीत, गव्हर्नर नाहीत. या माणसाचं नाव आपल्या वाचकांपर्यंत जावं, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त वायरमन आहे. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेच्या भागात माझी सारी हयात गेली. गावोगावच्या शेतकऱ्यांनी सभासद व्हायचं, संस्थेने कर्ज काढून खांब रोवायचे, वीज ठोक घ्यायची आणि सभासदांना वाटायची, ही पद्धत साखर कारखान्यांमुळे आम्हाला परकी वाटली नाही. पण विजेत ती आली अमेरिकेतून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशात प्रयोग म्हणून अशा पाच संस्था निघाल्या, त्यात मुळा-प्रवरा एक होती. सिरसिल्ला, हुकेरी, कोडिनार आणि लखनौ या बाकीच्या. अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या संघटनेचे सल्लागार त्यासाठी इकडे आले होते. आमच्या प्रशिक्षणात एका ज्येष्ठ साहेबांनी फळ्यावर 'नॉरिस' असं नाव लिहिलं आणि म्हणाले, ज्या कायद्यातून या संस्था जन्मल्या तो सिनेटमध्ये यांनी आणला. तेव्हापासून हे नाव डोक्यात होतं. पुढे थोरल्या मुलाला नेब्रास्कातल्या लिंकन शहरात नोकरी लागली, त्याच्याकडे गेलो असता नॉरिस यांचं गाव पाहिलं, विधिमंडळाची इमारत पाहिली, आणि मग जे मिळेल ते वाचत गेलो.

ते १८६१ साली ओहायो राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. तीन वर्षांचे असताना वडील गेले, त्याच वर्षी थोरला भाऊ यादवी युद्धात गेला. आईने शेत आणि घर चालवलं. शिकले, वकील झाले, १८८५ मध्ये पश्चिमेकडे नेब्रास्कात आले. ते राज्य मक्याचं आणि गव्हाचं, पण पाऊस आपल्या नगर जिल्ह्यासारखाच बेभरवशाचा. १८९० च्या दशकात तिथे दुष्काळ पडला आणि गहाण जमिनींचे लिलाव सुरू झाले. नॉरिस तेव्हा जिल्हा न्यायाधीश झाले होते. ज्या शेतकऱ्याची देणं फेडायची तयारी आहे आणि एखादं चांगलं पीक आलं तर जो फेडू शकेल, त्याच्या जमिनीच्या लिलावाला ते चटकन मंजुरी देत नसत, मुदत देत. मला त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचं मूळ या न्यायालयात दिसतं. नियम मोडला नाही, पण नियमात माणसाला जगायला जेवढी जागा होती तेवढी पुरती वापरली.

१९०२ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाकडून प्रतिनिधीगृहात निवडून आले. तेव्हा ते पक्के पक्षवाले होते. त्या काळी प्रतिनिधीगृहाचे सभापती होते इलिनॉयचे जोसेफ कॅनन, लोक त्यांना 'अंकल जो' म्हणत. कॅनन यांच्या हातात किती सत्ता होती हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायलाच हवं. कोणता सदस्य कोणत्या समितीत जाईल हे तेच ठरवत. सभागृहात कोणतं विधेयक कधी येणार हे ठरवणारी नियम समिती अवघी पाच जणांची, आणि तिचे अध्यक्ष पुन्हा तेच. बोलायला उठलेल्या सदस्याला बोलू द्यायचं की नाही, हेही त्यांच्या मर्जीवर. विधेयक कितीही लोकांना हवं असो, सभापतींना नको असेल तर ते समितीतच पडून राहायचं. नवख्या सदस्याने मान खाली घालून पाच-दहा वर्षं काढावीत, मग एखादी बरी समिती पदरात पडेल, अशी रीत.

नॉरिस यांनी मान खाली घातली ती नियमांचं पुस्तक वाचायला. नियम समितीत सभापती नसावा आणि तिचे सदस्य सभागृहाने निवडावेत, असा ठराव त्यांनी कागदावर लिहून खिशात ठेवला. मांडायची सोय नव्हती, कारण ठराव जायचा तो नियम समितीकडेच. तो कागद खिशात राहून राहून जीर्ण झाला होता म्हणतात.

मार्च १९१० मध्ये संधी आली, आणि ती दिली खुद्द कॅनन यांनी. जनगणनेसंबंधीचं एक विधेयक त्यांना क्रम मोडून पुढे घ्यायचं होतं. त्यासाठी युक्तिवाद असा केला की, जनगणना राज्यघटनेत सांगितली आहे, म्हणून या विधेयकाला घटनात्मक अग्रक्रम आहे. १७ मार्चला सभागृहाने ते मान्य केलं. लगेच नॉरिस उठले. म्हणाले, माझ्याकडेही घटनात्मक अग्रक्रमाचा ठराव आहे. प्रत्येक सभागृहाने आपले नियम आपण करावेत, हे घटनेतच लिहिलं आहे. जनगणनेला जो न्याय, तोच माझ्या ठरावाला द्या. आणि खिशातला कागद काढून त्यांनी लिपिकाकडे दिला.

मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. आरडाओरडा नाही, राजदंड पळवणं नाही, कागद फाडणं नाही. समोरच्याने पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या सोयीसाठी जो दाखला दिला, तोच त्याच्यापुढे ठेवला.

कॅनन यांच्या बाजूच्या लोकांनी हरकतीचा मुद्दा काढला आणि वेळ काढायला सुरुवात केली. तो सेंट पॅट्रिकचा सणाचा दिवस, बरेच सदस्य मेजवान्यांना गेले होते, त्यांना हुडकून आणायला सभागृहाचे शिपाई धाडले गेले. रात्रभर कामकाज चाललं. सदस्य खुर्च्यांवरच डुलक्या काढत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे असंच सुरू राहिलं. नॉरिस आणि त्यांच्याबरोबरच्या बंडखोर रिपब्लिकनांनी विरोधी डेमोक्रॅट पक्षाशी बोलून ठरावात बदल मान्य केला: नियम समिती दहा जणांची, सहा बहुमताचे, चार अल्पमताचे, सभागृहाने निवडलेले, आणि सभापती तीत नाहीत. १९ मार्चला कॅनन यांनी ठराव नियमबाह्य ठरवला. सभागृहाने त्यांचा निर्णय फिरवला. मग बदल केलेला ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला. त्यानंतर कॅनन स्वतःच म्हणाले की, हवं तर सभापतीची खुर्ची रिकामी झाल्याचा ठराव आणा. तोही आला, पण तो पडला, कारण बंडखोरांपैकी बहुतेकांनी त्यांना हटवायला मत दिलं नाही. भांडण माणसाशी नव्हतं. आपल्याकडे अविश्वासाचे ठराव आणि रात्रीत फिरलेली बहुमतं पाहिलेल्या वाचकाने यावर जरा थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

बंडाची किंमत त्यांनी मोजली. मतदारसंघातल्या पोस्टमास्तरांच्या नेमणुका त्या काळी खासदाराच्या शिफारशीने होत, त्या शिफारशी बंडखोरांपुरत्या बंद झाल्या. पक्षातले जुने स्नेही बोलेनासे झाले. तरी नेब्रास्काने १९१२ मध्ये त्यांना सिनेटमध्ये पाठवलं.

१९१७ मधली त्यांची भूमिका मी थोडक्यात सांगतो, कारण तीवर आजही मतभेद आहेत. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात पडू नये, असं त्यांचं मत होतं. व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचं विधेयक त्यांनी आणि काही सिनेटरांनी बोलत राहून अडवलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्यांना हट्टी माणसांची छोटी टोळी म्हटलं. वृत्तपत्रांनी देशद्रोही म्हटलं. नॉरिस लिंकन शहरात आले, स्वतःच्या पैशाने सभागृह भाड्याने घेतलं आणि मतदारांसमोर एकटे उभे राहून आपण हे का केलं ते सांगितलं. मित्रांनी जाऊ नका म्हणून विनवलं होतं. लोकांनी शेवटी टाळ्या वाजवल्या. पुढे ४ एप्रिलला सिनेटमध्ये युद्धाच्या बाजूने ८२ मतं पडली, विरोधात सहा. त्या सहांत नॉरिस होते. त्यांचं म्हणणं असं होतं की, हे युद्ध कर्ज दिलेल्यांच्या आणि दारूगोळा विकणाऱ्यांच्या पैशासाठी चाललं आहे. मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही, पण ते मतदारांना तोंड चुकवून वागले नाहीत, हे पटतं. १९१८ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना परत निवडून दिलं.

आता विजेकडे येतो, माझा खरा विषय तो.

अलाबामा राज्यात टेनेसी नदीवर मस्कल शोल्स नावाची जागा आहे, तिथे नदी खडकांवरून जोरात उतरते. युद्धात दारूगोळ्यासाठी आणि एरवी खतासाठी लागणारं नायट्रेट करायला सरकारने तिथे कारखाने आणि एक धरण बांधायला घेतलं. धरणाला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचं नाव दिलं. (आमच्या प्रवरेवर भंडारदऱ्यालाही विल्सन बंधाराच म्हणतात, तो मात्र मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाचा, आणि तोही त्याच दशकातला. श्रीरामपूरचा ऊस त्याच्यावर पिकतो.) युद्ध संपलं, धरण अर्धवट, कारखाने बंद. सरकारला हे गळ्यातलं लोढणं काढून टाकायचं होतं. १९२१ मध्ये मोटारवाले हेन्री फोर्ड पुढे आले: कारखान्यांचे ५० लाख डॉलर देतो, धरण शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्या. सरकारने तिथे आठ कोटी डॉलरहून जास्त ओतले होते. तरी लोक फोर्ड यांच्यावर लुब्ध होते. तिथे आता मैलोन् मैल लांबीचं शहर होणार म्हणून दलालांनी माळरानावरचे प्लॉट दूरच्या शहरांतल्या लोकांना विकायला काढले. विमानतळाची नुसती घोषणा झाली की काय होतं ते आपण पाहतोच.

विषय खताचा म्हणून विधेयक आलं सिनेटच्या शेती समितीकडे, आणि तिचे अध्यक्ष होते नॉरिस. त्यांनी ते अडवलं. कारण एकच: नदी सर्वांची, धरण सर्वांच्या पैशाचं, मग त्यातून निघणारी वीज एका माणसाला शंभर वर्षांसाठी का द्यायची? लक्षात घ्या, नॉरिस नेब्रास्काचे. टेनेसी खोरं त्यांच्या राज्यापासून हजार किलोमीटरवर. तिथला एकही मतदार त्यांचा नव्हता, आणि तिथले पुष्कळ लोक तर फोर्ड येत असताना हा कोण मध्ये आडवा आला म्हणून त्यांच्यावर चिडलेले. १९२४ मध्ये फोर्ड यांनी प्रस्ताव मागे घेतला.

त्यानंतरची लढाई खासगी वीज कंपन्यांशी. सरकारी धरणाची वीज कंपनी युनिटला सेंटच्या पाचव्या हिश्श्याने उचलायची आणि धरणाच्या सावलीतल्या गावात तीच वीज १० सेंटने विकायची, हे गणित नॉरिस पुन्हा पुन्हा मांडत. सरहद्दीपलीकडच्या कॅनडात, ओंटारिओमध्ये सार्वजनिक वीज होती. तिथल्या घरांची बिलं ते अमेरिकेतल्या बिलांशेजारी ठेवून दाखवत. ज्याने मीटर वाचत उन्हातान्हात घरं पालथी घातली आहेत, त्याला हा माणूस आपला का वाटतो हे मी वेगळं सांगायला नको. माणूस भाषण विसरतो, बिल विसरत नाही.

नदीचा विकास सरकारनेच करावा असं त्यांचं विधेयक काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९२८ मध्ये मंजूर केलं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी सही केली नाही. पुन्हा तयारी केली, पुन्हा मंजूर करून घेतलं. मार्च १९३१ मध्ये हूव्हर यांनी नकाराधिकार वापरला. दोन्ही राष्ट्राध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे. १९२८ च्या निवडणुकीत नॉरिस यांनी आपल्या पक्षाच्या हूव्हर यांना सोडून विरोधी उमेदवाराला पाठिंबा दिला होता, त्याचा राग पक्षात होता. १९३० मध्ये त्यांना पाडण्यासाठी जे केलं गेलं ते वाचून आपल्याकडचा कोणीही तोंडात बोट घालेल. ब्रोकन बो नावाच्या गावात जॉर्ज डब्ल्यू. नॉरिस याच नावाचा एक किराणा दुकानदार होता. त्याला पक्षांतर्गत निवडणुकीत उभं केलं, म्हणजे मतपत्रिकेवर दोन जॉर्ज नॉरिस आणि कोणतं मत कोणाचं हे कळायला मार्ग नाही. त्याचा अर्ज मुदतीनंतर पोचला म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचं नाव काढलं, आणि पुढे सिनेटच्या चौकशीत खोटं बोलल्याबद्दल दुकानदाराला तुरुंगात जावं लागलं. नामसाधर्म्याचे उमेदवार आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत असतात.

१९३३ च्या जानेवारीत निवडून आलेले पण अजून शपथ न घेतलेले रूझवेल्ट नॉरिस यांना घेऊन मस्कल शोल्सला गेले. मे महिन्यात कायदा झाला. सात राज्यांत पसरलेलं एका नदीचं खोरं, त्यातल्या पुरासाठी, वाहतुकीसाठी, शेतीसाठी आणि विजेसाठी एकच प्राधिकरण. पहिलं नवं धरण क्लिंच नदीवर बांधलं, त्याला नाव दिलं नॉरिस धरण. १९३६ मध्ये ते पुरं झालं.

इथे मी एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. नॉरिस धरणाच्या पाण्यासाठी तीन हजारांच्या आसपास कुटुंबं उठवली गेली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना पैसे मिळाले. जे दुसऱ्याची जमीन कसत होते, त्यांना जवळजवळ काहीच मिळालं नाही. हजारो थडगी हलवली गेली. कोयनेच्या, जायकवाडीच्या, दामोदरच्या धरणग्रस्तांना हे सांगावं लागणार नाही. नॉरिस यांच्या कामाचं मोठेपण मानताना मला या कुटुंबांना वगळता येत नाही. खेड्यातल्या माणसासाठी लढलेल्या या माणसाच्या नावाच्या धरणाने खेड्यातलीच माणसं उठवली, आणि कुळांचा विचार कायद्यात आधीच व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

टेनेसीच्या कायद्यानंतर तीन वर्षांनी, २० मे १९३६ रोजी ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला. सिनेटमध्ये नॉरिस आणि प्रतिनिधीगृहात टेक्सासचे सॅम रेबर्न यांनी तो आणला. तेव्हा अमेरिकेतल्या शहरांत बहुतेक घरांत दिवे होते आणि शेतांवरच्या दहा घरांपैकी जेमतेम एकात. कंपन्या म्हणत, दोन घरांत मैलाचं अंतर, तार ओढणं परवडत नाही. हवी तर लाइनचा खर्च तुम्ही भरा, मैलाला दोन हजार डॉलर. शेतकऱ्याने एवढे पैसे आणायचे कुठून? नव्या कायद्याने सरकारने कमी व्याजाचं, दीर्घ मुदतीचं कर्ज दिलं, आणि ते घ्यायला शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या. सभासद वर्गणी पाच डॉलर. लांब गाळ्याचे खांब, साधं सामान, एकसारखी मांडणी असं करून त्यांनी मैलाचा खर्च हजार डॉलरच्या आत आणला. कंपन्यांनी चिडून श्रीमंत शेतकऱ्यांच्या वस्त्यांपर्यंत घाईने आपल्या तारा ओढल्या, म्हणजे संस्थेच्या वाट्याला फक्त गरीब गिऱ्हाइकं यावीत. संस्था तरीही टिकल्या. विसेक वर्षांत तिथल्या बहुतेक साऱ्या शेतघरांत वीज पोचली.

मी झुला बांधून खांबावर चढलो आहे, नवीन डीपी चालू केली की वस्तीवरची बाया-माणसं अंगणात कशी गोळा होतात ते पाहिलं आहे. रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केलेल्या आमच्या पिढीला पहिला बल्ब काय होता, हे आजच्या मुलांना सांगूनही कळत नाही. म्हणून हा कायदा कोणी केला, हा माझ्यासाठी अभ्यासाचा प्रश्न उरत नाही. त्या कायद्याखाली उभ्या राहिलेल्या संस्थांची संघटना आमच्या श्रीरामपूरपर्यंत आली. त्या माणसाचं नाव माझ्या जिल्ह्यातल्या एका तरी वर्तमानपत्रात यावं, एवढीच माझी ओढ आहे.

दामोदरचा दुवाही तसाच सरळ आहे. जुलै १९४३ मध्ये दामोदरला मोठा पूर आला. बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली, तीत शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते, आणि समितीने टेनेसीसारखं प्राधिकरण सुचवलं. टेनेसी प्राधिकरणात काम केलेले अभियंते डब्ल्यू. एल. व्हूरदुईन १९४४ मध्ये इथे आले आणि त्यांनी आराखडा केला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी तो विषय पुढे नेला आणि टेनेसीचा दाखला देऊन सांगितलं की, नदीचा विचार प्रांतांच्या हद्दींनी तोडून करता येणार नाही. ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आलं. तिलैया, कोनार, मैथन, पंचेत ही धरणं १९५३ ते १९५९ या काळात झाली. नॉरिस हे पाहायला नव्हते. १९४२ च्या निवडणुकीत एक्याऐंशी वर्षांच्या या माणसाला नेब्रास्काने पाडलं होतं, आणि २ सप्टेंबर १९४४ रोजी मकूक या आपल्या गावी ते वारले.

मकूकला मी गेलो होतो. लिंकनपासून मोटारीने चारेक तास, दोन्ही बाजूंना मका आणि कुरणं. गावाच्या मुख्य रस्त्याला त्यांचं नाव आहे. चाळीस वर्षं खासदार राहिलेल्या माणसाचं दुमजली घर तिथे जपून ठेवलं आहे, आमच्या तालुक्यातल्या एखाद्या बऱ्या बागायतदाराच्या घराएवढंच. लिंकनला विधिमंडळाची उंच इमारत आहे, तिच्या टोकावर बी पेरणाऱ्या माणसाचा पुतळा आहे. आत एकच सभागृह चालतं. अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत दोन सभागृहं, फक्त नेब्रास्कात एक, आणि तेही नॉरिस यांच्यामुळे. त्यांचं म्हणणं होतं की, दोन सभागृहांची बंद दाराआडची समिती शेवटी जो घोळ घालते तो लोकांना दिसत नाही. १९३४ मध्ये वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते गावोगाव फिरले, मोटारीच्या टायरचे दोन संच झिजवले, आणि लोकांनी कौल दिला.

आणखी दोन कामांचा नुसता उल्लेख करतो. पूर्वी नोव्हेंबरात हरलेले सदस्य मार्चपर्यंत कायदे करत बसायचे आणि नव्या काँग्रेसची नियमित बैठक तेरा महिन्यांनी व्हायची. हे बदलणारी घटनादुरुस्ती सिनेटने नॉरिस यांच्या प्रयत्नाने पाच वेळा मंजूर केली आणि प्रतिनिधीगृहाने पाचही वेळा ती अडवली. सहाव्यांदा ती पार पडली आणि जानेवारी १९३३ मध्ये विसावी दुरुस्ती म्हणून घटनेत आली. आज अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष २० जानेवारीला शपथ घेतो तो तिच्यामुळे. आणि १९३२ चा नॉरिस-लागार्डिया कायदा: 'युनियनमध्ये जाणार नाही' असं कामगाराकडून लिहून घ्यायची मालकांची पद्धत त्याने निरर्थक केली.

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. आमचे आमदार-खासदार कोणत्या लग्नाला गेले, कोणत्या रस्त्याचा नारळ फोडला, हे आपल्या जिल्हा पानावर रोज असतं. सभागृहात त्यांनी कोणता प्रश्न विचारला, कोणत्या समितीत ते बसतात, कोणत्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली, हे अधिवेशन चालू असतानाही येत नाही. आठवड्यातून एक चौकट त्यासाठी द्या. प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या विधिमंडळाकडून मिळतात, आणि त्या वाचून काढायचं काम आमच्यासारखे निवृत्त लोक फुकट करतील. मी स्वतः करायला तयार आहे.

दुसरी विनंती, दामोदरवर पुढचा लेख छापाल तेव्हा त्यात नॉरिस यांच्यावर एक परिच्छेद असावा. टेनेसी खोऱ्याची छायाचित्रं अमेरिकन सरकारच्या संग्रहात सगळ्यांसाठी खुली आहेत. १९३३ मध्ये लुईस हाईन या छायाचित्रकाराने, पाणी भरण्याआधी, नॉरिस धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या कुटुंबांचे फोटो काढले आहेत. धरणाचा फोटो छापाल तेव्हा त्याच्या शेजारी यातला एक जरूर छापा.

आपला नम्र,
एक निवृत्त वायरमन
ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर